डोळ्यांतलं पिवळं

रुपालीच्या डोळ्यांतलं पिवळं गेलं ते ऐन ज्वारी काढणीच्या धांदलीत, आणि तिच्या सासूला, अंबुबाईला, आनंद कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं.

सकाळी शेताला निघायची घाई होती. रुपाली अंगणात वाकून घागर विसळत होती आणि कोवळं ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं होतं. भाकरीचं गठुडं बांधता बांधता अंबुबाई थबकली. गठुडं तसंच टाकून तिनं सुनेची हनुवटी धरली.

"वर बघ. आता खाली बघ. आता माज्याकडं."

"काय झालं आत्या?"

"अगं, पांढरं झालं की! दुधावानी! धना, आरं ए धना, हिकडं ये आदी!"

धनाजी, रुपालीचा नवरा, दात घासता घासता आला. त्यानं बायकोच्या डोळ्यांत पाहिलं, आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि "व्हय की" म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोच्या डोळ्यांची खबर त्याला आईकडूनच मिळायची. नवरा म्हणून तो वाईट नव्हता. पण शेत, मेंढरं आणि मोबाईल यांतून नजर मोकळी झाली तरच ती माणसांकडं वळायची.

रुपाली मोहोळकडची. जन्मापासून तिचे डोळे पिवळसर. लहानपणी तिच्या बापानं, सिद्धारामनं, तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं, की ही साधी कावीळ नव्हे. रक्तातलाच दोष आहे, आईच्या अंगातून लेकीत आलेला. हिच्या रक्तपेशी लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळे राहतात आणि पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. जपली तर पोर आयुष्य काढील. लग्नाच्या बैठकीत सिद्धारामनं हे सगळं उघड सांगून टाकलं, तेव्हा माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. बायकांच्या घोळक्यातून अंबुबाईच बोलली होती, "खोटं बोलून पोर गळ्यात मारणारं लई बघितल्यात. ह्यो मानूस खरं सांगतोय. पोर आमाला पसंत हाय."

पसंत होती ती होतीच. पण गावाचं तोंड कोण धरणार? नागणवाडीत तिला माघारी "पिवळी" म्हणायचे. अंबुबाईनं डॉक्टरचं सांगणं ऐकून घेतलं होतं आणि काविळीचे झाडून सगळे उपायही केले होते. मुळ्यांची माळ सुनेच्या डोक्यावर ठेवली. ती माळ वाढत वाढत गळ्यात उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते म्हणतात. माळ उतरली, कावीळ होती तिथंच राहिली. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं, डोळे काही पांढरे झाले नाहीत. मग गेल्या दिवाळीनंतर भावकीतल्या एका बारशात रुपालीनं पाळण्यातलं बाळ उचलायला हात पुढं केला आणि त्या बाळाच्या आजीनं, "नगं बाई, कावीळ लागंल," म्हणून भर बायकांत तिचा हात बाजूला सारला. रुपाली हसली आणि भांडी घासायला जाऊन बसली. अंबुबाई मात्र त्या दिवशी न जेवता उठली. वाटेत माळावरच्या बिरदेवाकडं तोंड करून तिनं नवस बोलला, "माज्या सुनंचं डोळं पांढरं कर. ती अनवाणी, डोईवर निवद घिऊन तुजा माळ चढंल."

आता देवानं ऐकलं होतं. अंबुबाई त्या दिवशी शेताच्या वाटेनं भेटेल त्याला सांगत सुटली.

ज्वारी त्या साली बरी होती. मालदांडीची कणसं भरली होती, ताटं वाळून वाजत होती. पण काढायला माणूस मिळत नव्हतं. जो तो आपल्या रानात अडकलेला, आणि वर आभाळ रोज दुपारनंतर काळवंडायचं. पिकलेल्या कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो. म्हणून घरच्यांनीच पाती, म्हणजे काढणीच्या ओळी, धरल्या होत्या. ज्वारी मुळासकट उपटायची, माती झटकायची, पेंढी बांधायची, पुन्हा वाकायचं. संध्याकाळपर्यंत तळहात सोलून निघायचे.

दर साली रुपालीची पात सगळ्यांच्या पुढं असायची. बारीक अंगाची, पण कामाला वाघीण. यंदा ती मागं पडत होती. चार ताटं उपटायची, पेंढीवर हात टेकवून उभी राहायची. पाण्याच्या घागरीकडं तिच्या खेपा वाढल्या होत्या.

"काय गं," धनाजी पुढून ओरडला, "डोळं पांढरं झाल्यापास्नं शेरातली बाई झालीस व्हय?"

ती हसली. हसतानाही तिला धाप लागली होती.

"बस थोडी सावलीला," अंबुबाई म्हणाली. "आठ दिसामागं ताप आलाय अंगात. त्येचा शीण हाय."

ताप आला होता खरा. आधी रुपालीच्या लेकीला, पाच वर्षांच्या काव्याला, बारीक कणकण आली होती, आणि ती उतरल्यावर एका दुपारी पोर अंगणवाडीतून आली ती दोन्ही गाल लालभडक घेऊन. कुणी थोबाडीत मारल्यासारखे. अंबुबाईनं काही विचारलं नाही, पदर खोचला आणि थेट अंगणवाडी गाठली.

"कुणी मारलं माज्या नातीला? पाच बोटं उठल्यात गालावर!"

अंगणवाडीची ताई सुकन्या बिचारी खिचडी वाढत होती. तिनं तिथं बसलेली आणखी तीन पोरं पुढं केली. त्यांचेही गाल तसेच. "मावशी, मी काय सगळ्यांना मारत सुटलेय व्हय? साथ हाय कसली तरी. आपोआप जातंय."

अंबुबाई खजील होऊन परत आली. काव्याचे गाल दोन-तीन दिवसांत निवळले, पोर उड्या मारायला लागली. त्यानंतर रुपालीला ताप आला, तोही दोन दिवसांत गेला. घरात ताप येतो आणि जातो. त्याचा कोण हिशेब ठेवतो?

"उद्या रविवार हाय," संध्याकाळी अंबुबाईनं जाहीर केलं. "उद्याच निवद न्यायचा."

"आये, निम्मी ज्वारी उभी हाय," धनाजी म्हणाला. "आभाळ बघतीस न्हवं? काढणी झाल्यावर जाऊ की."

"देवानं दिलं तवा वाट बघायला लावली का तुला? बोललेलं लांबवू न्हाय."

रुपाली चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सासूकडं पाहिलं, आणि परत पिठात हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणपोळीचा निवद टोपलीत भरला, वर धुतलेलं फडकं घातलं आणि टोपली रुपालीच्या डोक्यावर दिली. माळ म्हणजे काही डोंगर नव्हे. म्हाताऱ्याही बोलत बोलत चढतात. पण रुपाली चार पावलं टाकायची आणि थांबायची. तिच्या कानांत ढोल वाजत होता. छातीत काहीतरी धडधडत वर यायचं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. अनवाणी पायांना दगड टोचत होते, तेही तिला कळत नव्हतं. अंबुबाई पुढं चालली होती, मागं वळून म्हणत होती, "चल बाई, चल. आता आलाच की." धनाजीनं टोपली घ्यायला हात पुढं केला तर ती त्याच्यावरच खेकसली, "तू नगं. तिचा नवस हाय."

देवळापाशी बिरप्पा आधीच आला होता. बिरप्पा म्हणजे धनाजीचा बाप. मेंढरं माळाला लावून तो देवळाच्या ओट्यावर बसला होता. हा माणूस बोलायला महाग. मेंढरांशी मात्र बोलायचा. सकाळी वाड्यातून कळप सोडताना एकेका मेंढराला गुडघ्यांत धरायचा, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढायचा आणि आत बघायचा. आतलं मांस लाल असेल तर सोडून द्यायचा. फिकं दिसलं तर जंताचं औषध. पांढरं दिसलं तर दिवसभर त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

सुनेच्या डोळ्यांत मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत काय, तोंडाकडंच पाहिलं नव्हतं. त्या घरची रीतच तशी. सासरा आला की सून पदर पुढं ओढून भिंतीकडं वळायची. त्याला पाणी हवं असेल तर तो वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणायचा, "पानी पाहिजे हुतं," आणि तांब्या उंबऱ्यावर यायचा. गेल्या सात-आठ वर्षांत दोघांत थेट शब्द झाला नव्हता. यात राग-लोभ नव्हता. उलट तो मान होता.

निवद दाखवून झाला. बिरप्पानं देवापुढचा भंडारा मुठीत घेतला आणि घरातला थोरला म्हणून एकेकाच्या हातावर ठेवायला लागला. काव्याचा हात, धनाजीचा, अंबुबाईचा. मग पदराखालून रुपालीचा हात पुढं आला. बिरप्पा भंडारा सोडणार तोच त्याची मूठ थांबली.

पुढं आलेला तळवा पार पांढरा होता. ज्वारी उपटून सोललेला, तरी लाली नाही. नखंही पांढरी.

तो मागं वळून म्हणाला, "अंबे, हिची पापनी बघ."

"पापनी काय बघायची? डोळं पांढरं झाल्यात म्हनून तर आलोय हितं."

"डोळं न्हवं. पापनीच्या आत बघ."

"अवो, देवाच्या दारात काय मेंढरावानी..." अंबुबाई बोलत असतानाच रुपालीचा हात खाली गेला. ती देवळाच्या भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसली, आणि बसली ती एका अंगावर कलंडली.

बिरप्पा खाली बसला. देवळात आणखी चार घरची माणसं होती, बायका होत्या. सगळ्यांदेखत त्यानं आपल्या हातानं सुनेचा पदर मागं सारला, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली. आत लाली औषधालाही नव्हती.

"अंबे," तो म्हणाला, "हिच्यात रगत न्हाय गं."

अंबुबाई धावत येऊन सुनेचे पाय चोळायला लागली.

धनाजीनं रुपालीला पाठीवर घेतलं आणि माळ उतरला. खाली रस्त्याला नंदीशचा टेम्पो कडबा भरायला उभा होता. नंदीश दुधनीचा, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारा. त्यानं एकदा रुपालीच्या तोंडाकडं पाहिलं, भरलेल्या पेंढ्या भराभर खाली फेकल्या आणि "बेगा बेगा, हत्तरी," म्हणत सगळ्यांना चढायला लावलं. बिरप्पानं आपलं घोंगडं टेम्पोत पसरलं. त्याला यायचं होतं, पण मेंढरं माळावर होती आणि काव्या त्याच्या धोतराला धरून रडत होती. टेम्पो हलला तसा तो चार पावलं त्याच्या मागं पळाला.

"तिला झोपू देऊ नगा!" तो ओरडला. "बोलत ऱ्हावा तिच्यासंगं!"

अक्कलकोट मागं पडलं. अंबुबाई सुनेचं डोकं छातीशी धरून बोलत राहिली. काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. ज्वारीचं बोलली, शेळीच्या करडाचं बोलली, बारशातल्या त्या म्हातारीला शिव्या दिल्या. मधेच रुपाली पुटपुटली, "आत्या, मला लई दिस झालं धाप लागती."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुमी लई खुशीत होता," रुपाली म्हणाली. "कशाला बोलायचं म्हनलं."

अंबुबाईनं तोंडात पदर कोंबला.

सोलापूरला सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, चेतना नावाच्या. त्यांनी पापणी पाहिली, पोटावर डाव्या बाजूला हात ठेवला, रक्त तपासायला पाठवलं आणि रुपालीला एका वेगळ्या खोलीत हलवलं. एक नर्सबाई पोटुशी होती, तिला त्यांनी त्या खोलीत यायला मनाई केली. रिपोर्ट आला तशा त्या बाहेर येऊन अंबुबाईशेजारी बाकावरच बसल्या.

"आजी, बाईच्या अंगात रक्त बारा तरी पाहिजे. हिच्यात तीनसुद्धा नाही. लगेच रक्त चढवायचंय. हिला लहानपणापासून रक्ताचा आजार आहे ना?"

"व्हय. पन तो बरा झाला हुता की," अंबुबाई म्हणाली. "डोळं पांढरं झालं हुतं."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात इतक्यात कुणाला ताप, पुरळ? लहान मुलाला?"

"नातीला. गाल लाल झालं हुतं, मारल्यावानी."

"तेच असणार. तो एक विषाणू असतो, आजी. लहान मुलांचे गाल लाल होतात आणि जातो. मोठ्या माणसाला तर कित्येकदा पत्तासुद्धा लागत नाही. पोटातल्या बाळाला मात्र तो बाधू शकतो, म्हणून त्या नर्सबाईंना आत येऊ दिलं नाही. पण तो हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथं जाऊन बसतो आणि आठ-दहा दिवस ते काम बंद पाडतो. तुमचं-माझं रक्त तीन-चार महिने टिकतं, त्यामुळं आपलं भागून जातं. हिचं रक्त थोड्याच दिवसांत फुटतं. रोज नवं तयार होत होतं म्हणून ती चालत-फिरत होती. नवं येणं बंद झालं, जुनं फुटून संपलं."

"आणि डोळं?"

"फुटलेल्या रक्ताचाच तो पिवळा रंग असतो. फुटायला रक्तच उरलं नाही, म्हणून डोळे पांढरे झाले."

अंबुबाईनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "म्हंजे पोर मरनाकडं चालली हुती आन् मी तिच्या डोईवर निवद देऊन तिला माळ चढवला. माज्यावानी कैदाशीन सासू जगात नसंल बाई."

"तुम्हाला कसं कळणार होतं? आणि आणलंत ना वेळेत."

"मी न्हाय आनलं," अंबुबाई म्हणाली. "तिच्या सासऱ्यानं बघितलं."

रक्ताची पिशवी लागली. बदली रक्त द्यायला धनाजी गेला. मेंढ्याची शिंगं हातानं पिरगाळणारा हा गडी, सुई बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला, पण पडून राहिला. अंबुबाईही रांगेत जाऊन उभी राहिली आणि तिनं दंड पुढं केला. तिथल्या मुलीनं बोटाला टोचून थेंब काढला आणि मान हलवली. "आजी, तुमच्यातच रक्त कमी आहे. तुमचं घेता येणार नाही."

"आगं घे की. म्हातारपनी मला काय करायचंय?"

"नाही घेता येत आजी. उलट तुम्हीच गोळ्या घेऊन जा."

पाठीमागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अंबुबाई दंडावरची चोळी सारखी करत बाहेर आली. सुनेला द्यायला जवळ काहीच नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. मग तिनं ठरवलं, रक्त नाही तर नाही, हात तर आहेत.

पुढचे दिवस ती त्या खोलीतून हलली नाही. रुपालीचे केस विंचरायची, पाय चेपायची, डाळभात कालवून घास भरवायची. धनाजी लहान होता तेव्हा त्याला भरवलं, त्यानंतर तिनं कुणाला असं भरवलं नव्हतं. रुपालीला लाज वाटायची.

"आत्या, मी खाते की माज्या हातानं."

"गप. आ कर."

दुसरी पिशवी लागल्यावर ओठांवर जरा रंग आला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की हे बाहेरचं रक्त आहे. हाडांमधलं काम परत सुरू झालं पाहिजे, तोवर धोका टळला असं म्हणता येणार नाही. "सुरू झालं की रिपोर्टात दिसेल. डोळेही हळूहळू परत पिवळे होतील. तेव्हा घाबरू नका हं आजी, ती चांगली खूण समजायची."

घाबरते कसली! त्या दिवसापासून अंबुबाईचं एकच काम. उजेड पडला की खिडकीचा पडदा सारायचा, सुनेची हनुवटी धरायची आणि डोळ्यांत बघायचं. इतकी वर्षं जो रंग जावा म्हणून तिनं माळा घातल्या, चुना कालवला, देवाला साकडं घातलं, त्याच रंगासाठी ती आता सकाळी सकाळी हात जोडून बसायची. पांढरेच डोळे दिसायचे. पण ती म्हणायची, "येतंय, येतंय. वाईच दम धर."

धनाजीला माघारी जावं लागलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून काव्याचं रक्तही अक्कलकोटला तपासायला द्यायचं होतं, कारण हा आजार आईकडून लेकीत उतरू शकतो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. त्याचा फोन आला तेव्हा रुपालीनं पहिलं विचारलं, "ज्वारी?"

"थोडी काळी पडली," धनाजी म्हणाला. "पन सुकन्याताईनं चार बाया आनल्या, उभी हुती ती समदी उपटली. बापानं कणसं ताडपत्रीखाली घातली. ताडपत्री पुरना तर आपलं पांघरायचं चवाळंबी टाकलं आन् सवता भिजत बसला. तू जेवतीस न्हवं? आन् ऐक, काव्याचं रगत तपासलं हुतं त्येचा निरोप आलाय. तिला तुजा आजार न्हाय."

रुपालीनं फोन सासूकडं दिला आणि भिंतीकडं तोंड करून पडली. अंबुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गदगदत होती. लेकीची ती चिंता सुनेनं एवढी वर्षं एकटीनं पोटात ठेवली होती, आणि आपण डोळ्यांच्या रंगापायी देव पाण्यात घालून बसलो होतो, हे अंबुबाईला त्या वेळी कळलं. ती पाठ चोळत बसली.

त्यानंतरच्या एका सकाळी अंबुबाईनं पडदा सारला. रुपाली झोपेतून उठून उशीला टेकली होती. अंबुबाईनं तिची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली. एका डोळ्यात पाहिलं, दुसऱ्या डोळ्यात पाहिलं. आपले डोळे पदरानं पुसले आणि परत पाहिलं. कडेला, अगदी कोपऱ्यात, फिक्या हळदीसारखी झाक होती.

"रुपे," ती म्हणाली, "आलं गं."

"खरंच आत्या?"

अंबुबाई उत्तर द्यायला थांबली नाही. ती खोलीबाहेर पडली आणि व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी उभ्या असलेल्या बायकांना ओरडून सांगायला लागली, "पिवळं झालं! माज्या सुनंचं डोळं पिवळं झालं!"

कर्नाटकाकडची एक म्हातारी बाटली भरत होती. तिनं घाबरून कानडीत काय झालं म्हणून विचारलं, "एनातु यव्वा?" आणि शेजारणीला विचारायला लागली, की हिची सून काविळीनं आजारी पडली आणि ही नाचते का? अंबुबाईनं तिलाच मिठी मारली. बाटलीतलं निम्मं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई हसत आल्या. त्यांच्या हातात रिपोर्ट होता. नवं रक्त तयार व्हायला लागलं होतं, आणि भरपूर. "आजी, तुम्ही माझ्याआधीच सगळ्यांना सांगितलंत की. आता दोन-चार दिवसांत घरी जा. हा विषाणू एकदा येऊन गेला की सहसा परत त्रास देत नाही. मूळचा आजार राहणारच आहे, त्याच्यासाठी दाखवायला येत जा. आणि माळ चढताना धाप लागली तर थांबायचं."

"कुनाची छाती हाय आता तिला चढवायची!" अंबुबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई गेल्यावर तिनं धनाजीच्या फोनवर फोन लावला. तो माळावर बिरप्पाकडं भाकरी घेऊन गेला होता. त्यानं फोन बापाच्या हातात दिला.

"अवो, ऐकलंसा का?"

"हां." पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. "कशी हाय पोर?"

"पिवळी झाली. रगत आलं अंगात. डाक्टरीन म्हनली, वाचली."

बिरप्पा खाकरला.

"फोन दे तिला."

"कुनाला?"

"पोरीला दे की."

अंबुबाईनं फोन सुनेपुढं धरला. "घे. मामा बोलायचं म्हनत्यात तुज्यासंगं."

रुपाली खाटेवर दचकून ताठ बसली. तिनं आधी डोक्यावरचा पदर पार कपाळावर ओढला, दोन्ही पाय खाली सोडले, आणि मग फोन कानाला लावला.

"मामा," ती म्हणाली.

"जेवलीस का बाळ?"

"व्हय," रुपाली म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. "तुमी जेवलासा?"